वचन घेतले, पण वचन दिले का?



31 डिसेंबरच्या रात्री वॉचनाइटची उपासना संपत आली की वचनांचे ताट फिरते. प्रत्येक जण डोळे मिटून एक कार्ड उचलतो. कुणाला आरोग्याचे वचन निघते, कुणाला भरभराटीचे. केक वाटून होण्याआधीच त्याचा फोटो स्टेटसवर जातो. पश्चात्ताप कर, वैऱ्याला क्षमा कर, आपला वधस्तंभ उचल, असे कार्ड मात्र कुणाला निघत नाही. ती वचनेही प्रभूचीच, पण ती ताटात ठेवलेलीच नसतात.

आम्ही आडपडदा न ठेवता सांगतो: याला विश्वासाचे नूतनीकरण म्हणू नये. हे वर्षफल आहे. पंचांगातले भविष्य आपल्याला वर्ज्य, आणि तेच पवित्र शास्त्रातून काढले की आशीर्वाद, हा कुठला न्याय?

सर्वांच्या आवडीचे कार्ड घ्या, यिर्मया 29:11. देवाच्या मनात आपले हित आहे आणि तो आशा देणार आहे, असे ते सांगते. ते खरेच आहे. पण ती एका पत्रातली ओळ आहे. इ.स.पू. 597 मध्ये यरुशलेमातून बाबेलला पाडाव करून नेलेल्या लोकांना यिर्मयाने ते पत्र पाठवले. अगदी आधीच्या वचनात मुदत दिली आहे, सत्तर वर्षांची. म्हणजे पत्र ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना परतीची वाट दिसणारच नव्हती. ते वचन त्यांच्या मुला-नातवंडांच्या पदरी पडायचे होते. मग "या वर्षी माझे काम होणार" हे त्यातून कसे निघते?

"लवकरच होणार" असे सांगणारा एक जण तेव्हाही होता. त्याचे नाव हनन्या. अठ्ठाविसावा अध्याय काढून वाचा. दोन वर्षांत सारे परत येईल, असे त्याने मंदिरात सर्व लोकांसमोर सांगितले. ऐकायला ते गोडच वाटले असेल, पण देवाने त्याला पाठवले नव्हते. आज दर जानेवारीला व्यासपीठावरून "हे तुमच्या बढतीचे वर्ष, हे तुमच्या नव्या घराचे वर्ष" असे जाहीर होते, तेव्हा हा आवाज यिर्मयाचा की हनन्याचा, हे मंडळीने तपासावे.

त्याच पत्रातले सातवे वचन कार्डावर सहसा येत नाही. ज्या नगरात राहता त्याचे भले पाहा, त्याच्यासाठी प्रार्थना करा, कारण तुमचे भले त्यातच आहे, असा त्याचा आशय आहे. हुबळी-धारवाडच्या मराठी ख्रिस्ती माणसाला याहून जवळचे वचन कोणते? कुणाचे आजोबा रेल्वेमुळे इथे आले, कुणी नोकरीसाठी, कुणी लग्न होऊन. बासेल मिशनचे लोक 1837 साली धारवाडला आणि 1839 साली हुबळीला आले, आणि इथली भाषा शिकून राहिले. फर्डिनांड किटेल 1853 साली भारतात आले. त्यांचा कन्नड-इंग्रजी कोश 1894 साली छापून निघाला. एका जानेवारीत फळ मागणाऱ्याला एकेचाळीस वर्षांचा हा हिशेब कसा उमगणार? मराठी उपासना सोडा, असे आम्ही म्हणत नाही. आईच्या भाषेत प्रार्थना करता येणे ही देवाची देणगी आहे. पण मराठीत केवळ आपल्या घरासाठी मागायचे, आणि किम्सच्या आवारात गदग-हावेरीहून आलेल्या रुग्णाच्या नातेवाइकाला कन्नडमध्ये "जेवलात का" एवढेही विचारायचे नाही, याला नगराचे भले पाहणे म्हणत नाहीत.

कार्डाने धीर येतो, असे काही जण म्हणतील. येतो. एखादी आजी ते वर्षभर बायबलमध्ये जपते. तिच्या हातून ते काढून घ्यायला आम्ही निघालेलो नाही. जर्मनीतल्या हेर्नहुटची मोरावियन मंडळीही चिठ्ठी टाकूनच वचन निवडते. त्यांचे वचनांचे पुस्तक 1731 पासून निघते आहे. पण तिथे वचन रोजचे असते, आणि साऱ्या मंडळीला एकच. मनाजोगे नाही म्हणून हळूच दुसरे उचलायची सोय नाही.

नूतनीकरण कसे असते ते शखेमात पाहा, यहोशवा 24. आम्ही परमेश्वराची सेवा करू, असे लोक म्हणतात. यहोशवा त्यांची पाठ थोपटत नाही. तुमच्याने ते होणार नाही, असे तोंडावर सांगतो. लोक पुन्हा शब्द देतात, तेव्हा करार होतो. जॉन वेस्लीने 1755 साली लंडनमध्ये कराराची उपासना घेतली, आणि पुढे मेथडिस्ट मंडळ्यांत ती वर्षारंभी होऊ लागली. वर्ष कसे जाईल हे न विचारता माणूस तिथे स्वतःला देवाच्या हाती देतो.

म्हणून या वर्षीच्या पहिल्या प्रभुभोजनाआधी कार्डाची मागची कोरी बाजू वापरा. तिथे आपण देवाला देत असलेला शब्द लिहा. "जास्त प्रार्थना करीन" असे मोघम नको. मंडळीतल्या ज्याच्याशी बोलणे बंद आहे त्याचे नाव लिहा. मत्तय 5:23-24 प्रमाणे अर्पण वेदीपाशी ठेवून आधी त्याच्या दारी जायचे आहे. या शहरासाठी महिन्यातला कोणता दिवस देणार, तोही लिहा. डिसेंबरात कार्ड पुन्हा बाहेर काढा. पुढच्या बाजूचे देव पाहून घेईल, तो विश्वासू आहे. मागच्या बाजूचा हिशेब आपल्याला द्यायचा आहे.

शब्द देण्याचे धैर्य आणि तो पाळण्याची कृपा प्रभू आपणा सर्वांना देवो. आमेन.