पूर ओसरल्यावर मंडळीचें कर्तव्य

नदीचा पूर ओसरला म्हणजे संकट टळलें, असा आपल्यापैकीं पुष्कळांचा समज असतो. पाणी चढत असतां सर्वांचे डोळे नदीकडे लागलेले असतात. होड्या येतात, लष्कराचे जवान येतात, वर्तमानपत्रांचे बातमीदार येतात, आणि दूरदूरच्या शहरांतून कपड्यांच्या गांठोड्यांनीं व धान्याच्या पोत्यांनीं भरलेल्या मालमोटारी येतात. पाणी उतरलें कीं ही सर्व वर्दळ त्याच्याबरोबरच उतरते. आणि जो मनुष्य आठ दिवस शाळेच्या वर्गांत किंवा नातलगाच्या पडवींत काढून आपल्या घरीं परततो, त्याच्या खऱ्या परीक्षेस त्याच क्षणीं आरंभ होतो. घराचें दार तरी धड उघडतें कोठें! लांकूड फुगलेलें असतें आणि आंतून चिखलानें तें दाबून धरलेलें असतें.

माझें म्हणणें असें आहे कीं, आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांनीं पूरग्रस्तांस जें साहाय्य करावयाचें, तें मुख्यत्वेंकरून ह्या दुसऱ्या काळांत करावें. आणि तें उत्साहाच्या भरांत एका रविवारपुरतें न करतां, आधीं ठरविलेल्या पद्धतीनें, हातीं घेतलेलें घर पुरें होईपर्यंत करावें. अन्नवस्त्राचें दान अनावश्यक आहे असें मी म्हणत नाहीं. परंतु तें देणारे पुष्कळ निघतात. चिखल काढूं लागणारे थोडे.

कृष्णा व पंचगंगा यांच्या कांठीं राहणारांस पुराची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. सांगलीस आयर्विन पुलापाशीं पाणी ४५ फुटांस पोंचलें म्हणजे धोका मानितात. ऑगस्ट २०१९ मध्यें तें ५७ फुटांच्याही वर गेलें. कोल्हापुरास राजाराम बंधाऱ्यापाशीं धोक्याची खूण ४३ फुटांची. त्याच वर्षीं तेथें पाणी ५५ फुटांवर गेलें. २००५ सालच्या महापुराच्या ज्या खुणा लोकांनीं आपल्या भिंतींवर करून ठेविल्या होत्या, त्या खुणाच ह्या वेळीं पाण्याखालीं गेल्या. पुरीं दोन वर्षें होतात न होतात तोंच जुलै २०२१ मध्यें पुनः तोच प्रसंग आला. आणि त्या महिन्याच्या २२ तारखेस तिकडे कोंकणांत वाशिष्ठीनें चिपळुणाची बाजारपेठ बुडविली.

ह्या दोन्ही प्रकारच्या पुरांत एक भेद आहे, व तो साहाय्यास जाणारानें ध्यानांत ठेविला पाहिजे. चिपळुणास पाणी वेगानें आलें व वेगानें गेलें. सांगलीच्या गांवभागांत किंवा शिरोळ तालुक्यांतील खेड्यांत २०१९ साली तें कित्येक दिवस तुंबून राहिलें. वेगाचें पाणी सामान वाहून नेतें; तुंबलेलें पाणी घर कुजवितें. पहिल्या ठिकाणीं आरंभीच्या दोनतीन दिवसांत शेंकडों हात हवे असतात. दुसऱ्या ठिकाणीं दहाच हात पुरतील, पण ते कित्येक आठवडे हवेत. सरसकट सर्वत्र एकच उपाय घेऊन धांवणारी मंडळी म्हणूनच पुष्कळदां रिकाम्या हातानें परत येते.

पुराचा चिखल म्हणजे पावसाळ्यांत अंगणांत होणारा चिखल नव्हे. त्यांत नदीचा गाळ असतोच. शिवाय गटाराचें पाणी, गोठ्यांतील शेण, मेलेलीं जनावरें, दुकानांतील तेल, शेतावर फवारण्याचीं औषधें हीं सर्व त्यांत कालवलेलीं असतात. ओला आहे तोंवर तो खोऱ्यानें ओढतां येतो. एकदां वाळला कीं फरशीस असा धरून बसतो कीं खणून काढावा लागतो. गादी, उशी, पुठ्ठा, भुश्याच्या फळ्यांचीं कपाटें यांवर एकदोन दिवसांतच बुरशी धरते. म्हणून काम लवकर आरंभावें हें खरें. तथापि लवकर म्हणजे आंधळेपणानें नव्हे. मातीची किंवा कच्च्या विटांची भिंत भोंवतालच्या पाण्याच्या आधारानें उभी दिसते, आणि पाणी गेल्यावर आपल्याच भारानें खचते. अशा भिंतीच्या कडेला बसून मुलांनीं भांडीं घांसणें जिवावर बेतेल. विजेचा मुख्य खटका बंद आहे कीं नाहीं तें प्रथम पाहावें, आणि जाणत्या तारतंत्र्यानें तपासल्यावांचून तो कोणीं चालू करूं नये. कपाटाच्या मागें, जळणाच्या ढिगांत साप आश्रयास आलेला असतो. उंदरांच्या मूत्रानें दूषित झालेल्या पाण्यांतून जो लेप्टोस्पायरोसिस नांवाचा ज्वर होतो, तो पायावरच्या लहानशा जखमेंतूनही शरीरांत शिरतो. यास्तव गमबूट व रबरी हातमोजे यांवांचून कोणासही चिखलांत उतरूं देऊं नये, आणि जाण्यापूर्वीं डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. आणखी एक गोष्ट: ब्लीचिंग पावडर व संडास धुण्याचें ॲसिड हीं एकत्र झालीं म्हणजे त्यांतून विषारी वायु निघतो. दोन उत्साही स्वयंसेवक एकाच न्हाणीघरांत दोन बाजूंनीं तीं ओतूं लागले तर काय होईल, तें रसायनशास्त्राच्या तासास लक्ष देणाऱ्या विद्यार्थ्यांस सांगावयास नको.

ह्याहूनही जी चूक वारंवार होते ती निराळीच आहे. स्वयंसेवक येतात, कमरा बांधतात, आणि दोन तासांत घरांतील सर्व भिजलेलें सामान उचलून रस्त्यावर टाकतात. घर मोकळें दिसूं लागतें, सर्वांस समाधान वाटतें. परंतु सरकारी साहाय्य मिळण्यास नुकसानीचा पंचनामा व्हावा लागतो. दुकानदाराचा विमा असेल तर विमा कंपनीचा तपासनीस येऊन माल पाहून जावा लागतो. पुरावाच नगरपालिकेच्या गाडींत गेला तर त्या गरिबानें दाखवावें काय? म्हणून पहिल्या दिवशीं पहिलें काम खोऱ्याचें नसून वहीचें आहे. घरमालकास शेजारीं बसवून एकेक वस्तु लिहून काढावी, त्याच्याच मोबाइलवर तिचीं छायाचित्रें घ्यावीं, आणि पंचनामा झाला आहे कीं व्हावयाचा आहे हें विचारून मगच सामान हलवावें. अक्षर चांगलें असलेला व धीर धरणारा एक विद्यार्थी ह्या कामीं चार पहिलवानांच्या तोडीचा ठरतो. आणि छायाचित्रें घ्यावयाचीं तीं त्याच्या मालाचीं, आपल्या चिखलानें माखलेल्या हातांचीं नव्हेत.

कोणती वस्तु टाकावी व कोणती ठेवावी हें ठरविण्याचा अधिकारही आपला नाहीं. आपणांस जो चिंधड्यांचा गोळा दिसतो तो कोणाच्या लग्नांतील शालू असतो. शिधापत्रिका, सातबाऱ्याचे उतारे, शाळेचीं गुणपत्रकें, जुनीं छायाचित्रें हीं भिजलीं तरी पुष्कळ अंशीं वांचवितां येतात: एकमेकांपासून ओढून न काढतां, कोऱ्या कागदांच्या घड्यांत घालून, कडक उन्हांत नव्हे तर सांवलींत, वाऱ्यावर सुकवावीं. हें काम मुलींच्या वर्गानें व मुलांच्या वर्गानें शाळेच्या व्हरांड्यांत बसून करण्याजोगें आहे. हिंदु कुटुंबाच्या देवघरास किंवा मुसलमान कुटुंबाच्या धर्मग्रंथास तर आपण होऊन हात लावूंच नये. घरच्या माणसांनीं तें सर्व आपल्या हातांनीं बाहेर काढीपर्यंत आपण दाराबाहेर उभें राहावें. उभें राहण्यांत पंधरा मिनिटें गेलीं तर जावोत.

येथें एक नाजूक प्रश्न येतो. आपण ख्रिस्ती लोक साहाय्यास गेलों म्हणजे ह्या उपकारामागें धर्मांतराचा हेतु असेल, अशी शंका कित्येकांच्या मनांत उद्भवते. त्या शंकेवर रागावून कांहीं साधावयाचें नाहीं. ती दूर करण्याचा एकच मार्ग मला दिसतो: स्वच्छतेच्या कामास जातांना पत्रकें, पुस्तिका, फलक यांपैकीं कांहींही बरोबर नेऊं नये. ज्याचें घर चिखलानें भरलें आहे, त्यास त्या घटकेस आपणांस नको म्हणण्याची मोकळीक नसते. आणि ज्यास नको म्हणण्याची मोकळीक नाहीं त्यास केलेला उपदेश हा उपदेश नसून अडवणूक होय. आमच्यांतील कित्येक वडीलधाऱ्यांस हें रुचणार नाहीं, हें मी जाणतों. साक्ष देणें हें आपलें कर्तव्य नव्हे काय, असें ते विचारतील. त्यांस मी मिरजेचें उदाहरण देईन. डॉ. विल्यम वान्लेस यांनीं १८९४ साली तेथें रुग्णालय उभारलें, आणि त्यांचें नांव दूरवर गेलें तें त्यांच्या हातच्या शस्त्रक्रियेमुळें. आपली साक्ष लोकांनीं मानावी अशी इच्छा असेल, तर आधीं आपणांस चिखल चांगला काढतां आला पाहिजे.

दुसरा वाद आपल्या घरांतलाच आहे. साहाय्यास आरंभ कोठून करावा, मंडळींतील कुटुंबांपासून कीं शेजाऱ्यांपासून? गलतीकरांस लिहिलेल्या पत्राचा आधार घेऊन पुष्कळजण म्हणतात कीं विश्वासाच्या घराण्याचा हक्क पहिला. तें वचन मी नाकारीत नाहीं. परंतु त्याच वचनांत सर्वांचें बरें करण्याविषयीं आधीं सांगितलें आहे, घराण्याचा उल्लेख मागाहून येतो. व्यवहारांतही पाहा: एका गल्लींत तीन धडधाकट मुलगे असलेलें ख्रिस्ती कुटुंब आहे आणि त्याला लागूनच एकटी राहणारी वृद्ध विधवा आहे, मग ती कोणत्याही धर्माची असो, तर आपली तुकडी प्रथम विधवेच्या घरीं गेली पाहिजे, आणि त्या तिघां मुलग्यांनीं आपलें घर तसेंच ठेवून तुकडींत सामील झालें पाहिजे. क्रम लावावा तो केवळ गरजेवरून: घरांत उचलणारे हात किती, आजारी किती, अंथरुणास खिळलेलें कोणी आहे काय, राहण्यास दुसरी जागा आहे काय. हा क्रम पाळकांनीं एकट्यानें ठरवूं नये, कारण उद्यां त्यांच्यावरच पक्षपाताचा आरोप येतो. पंचांपैकीं दोघे, महिला मंडळाची एक भगिनी, आणि त्या गल्लीची माहिती असलेला मंडळीबाहेरचा एक गृहस्थ, अशा चौघांनीं तो ठरवावा. कोल्हापुराकडे तालमींच्या व गणेशोत्सवाच्या मंडळांच्या कार्यकर्त्यांस घरन् घर ठाऊक असतें. त्यांस विचारण्यांत आपणांस कमीपणा वाटण्याचें कारण नाहीं. त्यांची तुकडी पुढच्या गल्लींत असेल तर आपण मागची घ्यावी.

चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. व्याख्यानांत तेल येतें, द्राक्षारस येतो, जनावर येतें, उतारशाळाही येते. पण त्या गोष्टींतील दुसरा दिवस क्वचितच येतो. त्या प्रवाशानें दुसऱ्या दिवशीं उतारशाळेच्या रक्षकास दोन नाणीं दिलीं, आणखी खर्च लागल्यास तो परत येतांना भरून देईन असें सांगितलें, म्हणजे तो परत येणार होता. आपल्या स्वयंसेवकांच्या वहींत ह्या दुसऱ्या दिवसाकरितां एक रकाना असला पाहिजे. घर धुतलें, जंतुनाशक टाकलें, येथें काम संपत नाहीं. आठ दिवसांनीं भिंतीस पुनः बुरशी आली काय, वीज आली काय, पंचनाम्याचा कागद हातीं पडला काय, मुलाचीं पुस्तकें मिळालीं काय, हें विचारण्यास त्याच दोघांनीं त्याच घरीं जावें. नवे चेहरे पाठवूं नयेत. त्या गृहिणीस सर्व हकीकत पुनः पहिल्यापासून सांगावी लागते, आणि ती सांगून थकलेली असते.

रविवारच्या उपासनेचें काय, हा प्रश्न उरतोच. माझ्या मतें उपासना बंद ठेवूं नये, लवकर करावी. सकाळीं सहा वाजतां अर्ध्या तासाची प्रार्थना, तेथेंच तुकड्यांची नांवें वाचणें, आणि सातांस बाहेर पडणें. पंधरा वर्षांखालील मुलांनीं चिखलांत उतरूं नये. त्यांस कागद सुकविणें, स्वच्छ पाण्यानें भांडीं विसळणें, चहा पोंचविणें हीं कामें पुष्कळ आहेत. कामावर असतां यजमानाच्या घरीं जेवण मागूं नये, दिलें तर नाकारूंही नये.

हें सर्व पूर आल्यावर ठरवूं म्हटलें तर ठरत नाहीं. कृष्णाकांठचे मोठे पूर बहुधा जुलैच्या उत्तरार्धांत किंवा ऑगस्टांत येतात. तेव्हां तयारी मे महिन्यांतच झाली पाहिजे. प्रत्येक मंडळीनें एका रविवारचें दानार्पण ह्या कामासाठीं राखून ठेविलें तरी दहा खोरीं, दहा घमेलीं, वीस बालद्या, खराटे, पाणी ओढण्याचीं रबरी फळीं, गमबुटांचे वीस जोड व हातमोजे यांची सुरुवात होईल. हें सामान उपासनामंदिराच्या तळघरांत ठेवूं नये, कारण तेंच प्रथम बुडतें. माडीवर ठेवावें, व त्याची यादी करून ती दाराच्या आंतल्या बाजूस लावावी. किल्ली दोघांजवळ असावी, आणि त्या दोघांपैकीं एकाचें तरी घर नदीपासून दूर, उंचावर असावें.