कॉटनचे बारा महिने

आयझॅक वॉल्टनच्या 'द कम्प्लीट अँग्लर'चे (१६५३) वाचक त्यातील संवादांपाशी रेंगाळतात. चार्ल्स कॉटनने १६७६च्या आवृत्तीत जोडलेला भाग मात्र तांत्रिक म्हणून ओलांडतात. आम्हांस हा अन्याय वाटतो. वॉल्टन मुख्यतः खऱ्या आमिषाचा माणूस. गळावर पिसांची माशी बांधून ट्राउट धरण्याची विद्या कॉटनची. त्याचे घरही डर्बीशायर-स्टॅफर्डशायरच्या सीमेवरील डव्ह नदीकाठचेच. कोणत्या महिन्यात कोणती माशी चालते, ती अस्वलाचे केस, उंटाची लव, रानबदकाचे पीस यांतून कशी साधावी, हे तो जानेवारीपासून क्रमाने सांगतो. जानेवारी थोडक्यात आटोपणारा हा गृहस्थ मे महिन्यातल्या 'ग्रीन ड्रेक'पाशी मात्र खिळून राहतो: पिवळसर अंग, त्यावर हिरव्या ओळी, शेपटीला तीन बारीक, काळपट केस. (रोमँटिक कवींपूर्वी इतके जवळून पाहणारे गद्य आणखी किती सापडेल?) येथे ऋतू विशेषणांत नाही, हाताने करावयाच्या कामात आहे, रंग चुकला तर मासा वर येत नाही. निसर्गलेखनाच्या वर्गात हे प्रकरण एकदा लावून पाहावे. शिकवायला ते वॉल्टनइतके सोपे जाणार नाही, एवढे खरे.