एका दिवसाचे तेल

दिवाळीनंतर महिना-दोन महिन्यांनी, अमावास्येच्या आगेमागे, यहुदी घरांतून आठ रात्री दिवे लागतात. पहिल्या रात्री एक, दुसऱ्या रात्री दोन, असे वाढत जाऊन आठव्या रात्री आठ. हा हनुक्का. इ. स. पूर्व १६४ मध्ये यहुदा मक्काबी याने राजा अंतियोखसच्या सत्तेने भ्रष्ट केलेले जेरुसलेमचे मंदिर परत मिळविले. दीप उजळावयास शुद्ध तेलाची एकच मोहोरबंद कुपी सापडली. तेल एका दिवसापुरते, पण दीप आठ दिवस तेवला, अशी कथा आहे.

यावर यहुदी पंडितांनीच एक मार्मिक शंका काढली आहे. एक दिवसाचे तेल पहिला दिवस जळणारच; मग चमत्कार सातच दिवसांचा नव्हे काय? आम्हांस वाटते, पहिल्या दिवसाचा चमत्कार तेलाचा नसून हातांचा होता. उद्याची तरतूद नाही हे ठाऊक असूनही त्या हातांनी वात पेटविली.

याची साक्ष आपल्या कोकणातच आहे. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी जहाज फुटले, सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, असे बेने इस्राएल समाज परंपरेने सांगतो. ग्रंथ गेले, हिब्रू विसरली, बोली मराठी झाली. हनुक्का तर त्यांच्या मूळच्या सणांत नव्हताच. तो पुढे बाहेरच्या धर्मबांधवांकडून आला. उरले होते ते एवढेच: ‘शेमा’ ही प्रार्थना, सुंता, आहाराचे काही नियम आणि शनिवारची विश्रांती. व्यवसाय तेल गाळण्याचा. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. ज्यांना कुपीची कथा ठाऊक नव्हती, त्यांनी ती शतकानुशतके जगून दाखविली. त्यांच्यातील काही कुटुंबे पुढे गुजरातेतही आली. अहमदाबादेत १९३४ साली उभे राहिलेले ‘मागेन अब्राहम’ हे प्रार्थनामंदिर त्याची खूण आहे.

वाचकहो, हे लिहिताना आम्ही स्वतःपाशी थोडे ओशाळलो आहोत. वडोदऱ्यात आमच्या घरी दर रविवारी मुलांचा मराठी वाचनवर्ग भरतो. गेल्या पावसाळ्यात मुले तीनच उरली. त्यांतील एक अडखळत जोडाक्षरे लावते. दुसरे प्रत्येक वाक्य मनात गुजरातीतून फिरवून आणते. पुढल्या वर्षी कोण येणार, असा हिशेब मांडून वर्ग बंद करण्याचे आम्ही ठरविलेही होते. आज कळते, आम्ही आठव्या दिवसाच्या तेलाचा हिशेब पहिल्याच दिवशी मागत होतो.

तेल किती उरले, हे पाहणे आपल्या हाती नाही असे नव्हे. परंतु ते पाहून वातच न लावणे, हा मात्र खरा अंधार होय. येत्या रविवारी वर्ग नेहमीच्या वेळी भरेल. तीन मुलांसाठी तीन पुस्तके आम्ही काढून ठेविली आहेत. चौथेही जवळ ठेविले आहे.