वॉर्डाबाहेरची परिचारिका

बीएस्सी नर्सिंगची चार वर्षे पूर्ण करून ‘मला वॉर्डात काम करायचे नाही’ असे म्हणणाऱ्या मुलीकडे आपल्याकडे संशयाने पाहिले जाते. घरच्यांना वाटते फी वाया गेली. शिकवणाऱ्यांना वाटते ही कष्टाला घाबरली. एमबीबीएस झालेला मुलगा सूक्ष्मजीवशास्त्राकडे वळला, आयुष्यभर एकाही रुग्णाची नाडी न पाहता प्रयोगशाळेत बसला, तर त्याला मात्र कोणी पळपुटा म्हणत नाही. नर्सच्या बाबतीत सेवाभावाची आठवण लगेच करून दिली जाते. माझे म्हणणे असे, की रुग्णालयातल्या खाटेपासून दूर राहून नर्सिंग करण्याची निवड रास्त आहे, इतकेच नाही तर आजच्या आजारांचे स्वरूप पाहता समाजाला तिची गरज आहे. अडचण मुलींच्या निवडीत नाही. त्या निवडीसाठी आपण धड पदेच निर्माण केलेली नाहीत, ही खरी अडचण आहे.

वॉर्ड नको असे वाटण्यामागे आळस असतो, हा समज आधी तपासून पाहू. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार शिकवणीच्या रुग्णालयात साध्या वॉर्डात तीन रुग्णांमागे एक, इतर रुग्णालयांत पाचांमागे एक आणि अतिदक्षता विभागात प्रत्येक रुग्णामागे एक परिचारिका हवी. सरकारी रुग्णालयात नातेवाईक भेटायला गेलेला कोणीही, या निकषाचे रात्रपाळीत काय होते ते सांगू शकेल. हा केवळ थकव्याचा प्रश्न नाही. लिंडा एकन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील रुग्णालयांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध केला. शस्त्रक्रियेच्या रुग्णांमध्ये नर्समागे एक रुग्ण वाढला की तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सात टक्क्यांनी आणि नर्स खचण्याची शक्यता तेवीस टक्क्यांनी वाढते, असे त्यात दिसले. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था २००७ पासून रात्रपाळीला ‘बहुधा कर्ककारक’ गटात ठेवत आली आहे. पगाराचे तर बोलायलाच नको. खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांना, ती पन्नासपेक्षा कमी खाटांची असली तरी, किमान वीस हजार रुपये मिळावेत, अशी शिफारस सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशावरून नेमलेल्या समितीने केली. शिफारस करावी लागली, यातच सगळे आले. एवढे जाणून जी मुलगी दुसरी वाट शोधते, तिने हिशेब नीट केला आहे.

शिवाय खाटेजवळची शुश्रूषा म्हणजेच नर्सिंग, ही समजूत व्यवसायाच्या इतिहासात टिकत नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा दिवा सगळ्यांना आठवतो, पण क्रिमियन युद्धातली तिची रुग्णालयातली कामगिरी १८५४ ते १८५६ एवढीच. पुढची कित्येक दशके तिने आकडेवारी, सांडपाणी, बराकींची रचना आणि हिंदुस्थानातल्या सैन्याचे आरोग्य यांवर घालवली. १८५८ मध्ये ब्रिटनच्या सांख्यिकी सोसायटीची ती पहिली महिला सदस्य झाली. न्यूयॉर्कमध्ये लिलियन वॉल्डने १८९३ मध्ये गरीब वस्तीत घरोघरी जाणाऱ्या नर्सेसचे काम सुरू केले. तिच्याच पुढाकाराने १९०२ मध्ये लिना रॉजर्स ही नर्स तिथल्या शाळांमध्ये नेमली गेली. तोवर खरूज, डोळे येणे, उवा यांसाठी मुलांना नुसते घरी पाठवले जाई आणि उपचार कोणीच करत नसे. रॉजर्स शाळेत मलमपट्टी करी, घरी जाऊन आईला समजावून सांगे. वर्षभरात घरी पाठवल्या जाणाऱ्या मुलांची संख्या जवळपास दहाव्या हिश्श्यावर आली. त्यासाठी एकही खाट लागली नव्हती.

आज भारतात ही गोष्ट अधिकच लागू पडते. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंडियाब पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि प्रौढांपैकी एक तृतीयांशाहून जास्त लोकांना उच्च रक्तदाब. या माणसांना रुग्णालयात दाखल करून काही साधत नाही. त्यांना दर महिन्याला कोणीतरी रक्तदाब मोजणारे, गोळ्या चुकल्या तर फोन करणारे, पायाची जखम वेळेत पाहणारे माणूस हवे असते. ते चुकले, तर काही वर्षांनी तोच माणूस डायलिसिसला किंवा लकवा होऊन खाटेवर येतो. २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्र पहिल्या राज्यांमध्ये होता. औषधांचा ठरलेला क्रम, जवळच्या केंद्रात नियमित तपासणी आणि पाठपुराव्यात परिचारिकांचा मोठा वाटा, अशी त्याची पद्धत आहे. केरळने २००८ मध्ये वेदनाशामक सेवेचे धोरण आणले. तिथे अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरी स्थानिक स्वराज्य संस्थेच्या मदतीने प्रशिक्षित नर्स जाते. महाराष्ट्रातल्या शहरांत एकटी राहणारी म्हातारी माणसे आणि परदेशी असलेली त्यांची मुले पाहता, या कामाची निकड आपल्याला वेगळी सांगायला नको.

अर्थात वॉर्डाबाहेरची सगळी कामे एका मापाची नाहीत. संसर्ग नियंत्रण परिचारिका रुग्णालयातच असते, पण तिच्या नोंदींमुळे शेकडो रुग्ण वाचू शकतात. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने पाचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांना वैद्यकीय आणि परिचर्या कर्मचाऱ्यांसह उपचार कक्ष बंधनकारक केला. चाकण, बुटीबोरीसारख्या औद्योगिक पट्ट्यांत हे काम नुसत्या मलमपट्टीपुरते न ठेवता कामगारांच्या श्रवणशक्तीपर्यंत आणि फुप्फुसांपर्यंत नेता येईल. विमा कंपनीत बसून दावे तपासणे हेही नर्सिंगच्या ज्ञानावर चालणारे काम आहे. मात्र ते ज्ञान दावा नाकारण्यासाठी वापरले जाणार असेल, तर त्याला मी या वाटेचा आदर्श म्हणणार नाही. पगार चांगला असतो, हे खरे.

यावर पहिला आक्षेप तुटवड्याचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात सुमारे ५८ लाख परिचारिका कमी आहेत. अशात आहेत त्याही वॉर्ड सोडून गेल्या तर रुग्णांनी काय करायचे? प्रश्न खरा आहे, पण त्याचे ओझे चुकीच्या खांद्यावर टाकले जाते. आपल्याकडच्या प्रशिक्षित परिचारिका आखातात आणि ब्रिटनमध्ये जातात आणि तिथे वॉर्डातच काम करतात. म्हणजे वॉर्डाचे वावडे नाही, इथल्या अटींचे आहे. कॅलिफोर्नियाने १९९९ मध्ये कायदा करून २००४ पासून नर्समागे रुग्णांची मर्यादा लागू केली. २०१० च्या तुलनात्मक अभ्यासात तिथल्या नर्सेसकडे इतर दोन राज्यांपेक्षा सरासरी एक रुग्ण कमी होता आणि खचून जाण्याचे प्रमाणही कमी होते. वॉर्ड भरलेला ठेवायचा असेल, तर तो राहण्याजोगा करावा. बाहेरच्या वाटा बंद करून ठेवलेली परिचारिका रुग्णाला काय देणार?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: वॉर्डात दोन-तीन वर्षे काढल्याशिवाय रुग्ण ओळखण्याची नजर येत नाही. ते मला बऱ्याच अंशी मान्य आहे. श्वास बिघडतोय हे यंत्राआधी कळणे पुस्तकातून येत नाही, आणि संसर्ग नियंत्रण किंवा अतिदक्षता प्रशिक्षण यांसारख्या कामांना हा पाया हवाच. पण शाळा, गावपातळीवरची तपासणी, प्रसूतीपूर्व समुपदेशन यांना वेगळी नजर लागते, आणि ती वॉर्डात मिळत नाही. घरात चूल कुठे आहे, सुनेला दवाखान्यात जाऊ दिले जाते का, हे पाहणारी आरोग्य सेविका मेट्रनच्या हाताखाली तयार होत नाही. म्हणून अनुभवाची अट कामागणिक ठरवावी, सरसकट नको.

या वाटेची खरी कसोटी मात्र नोकरीच्या स्वरूपात आहे. आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणून आता ओळखल्या जाणाऱ्या उपकेंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारी हे पद २०१८ नंतर आले. तिथे बीएस्सी नर्सिंगवाल्यांनाही संधी आहे, पण पद कंत्राटी, मानधनाचा एक भाग कामगिरीवर अवलंबून आणि पुढे बढतीचा जिना नाही. सपाट प्रदेशात पाच हजार आणि आदिवासी, डोंगराळ भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, हा आपला निकष. एवढ्या माणसांची वर्षानुवर्षे ओळख ठेवायची, तर दर वर्षी करार नव्याने करणारी व्यवस्था चालणार नाही. अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका अशी जशी रुग्णालयात चढण आहे, तशी समुदायात हवी, आणि ती वेतनश्रेणीसह हवी. तोवर या कामाकडे वळणाऱ्या मुलींनी नेमणूकपत्र सही करण्याआधी नीट वाचावे: करार किती महिन्यांचा, हा अनुभव पुढे शासकीय भरतीत धरला जाईल का, आणि अडचणीच्या रुग्णासाठी रात्री फोन उचलणारा डॉक्टर कोण. परदेशाचा विचार असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी, की आखातातल्या बहुतेक नोकऱ्यांना रुग्णालयातला साधारण दोन वर्षांचा अनुभव लागतो आणि उपकेंद्रातली वर्षे त्यात सहसा मोजली जात नाहीत.