दूधबावेचे गोडे पाणी

मालवणच्या बंदरातून होडीने सिंधुदुर्ग किल्ल्यात गेलात, तर चहूकडे समुद्र असूनही आत गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आपणांस दिसतील: दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर या दुर्गाची पायाभरणी केली. बेटावर गोडे पाणी नसते, तर तटबंदी कितीही भक्कम असून उपयोग काय होता?

जमिनीत मुरलेले पावसाचे पाणी खाऱ्या पाण्याहून हलके असल्याने त्यावर तरंगते. सच्छिद्र भूमीत ते समुद्रसपाटीच्या वर १ फूट असेल, तर खाली सुमारे ४० फूट असते, असा ढोबळ हिशेब आहे. म्हणूनच वरची पातळी फूटभर उतरली, की खालचे खारे पाणी कालांतराने ४० फूट वर चढू पाहते. कळशीने शेंदणाऱ्या घराला हा धोका सहसा जाणवत नसे. पंप तासन्‌तास चालू लागला, की किनाऱ्यालगतची विहीर मचूळ होते. मालदीवच्या माले बेटावर वस्ती वाढली, उपसा वाढला आणि शहर समुद्रजल गोडे करणाऱ्या यंत्रांवर विसंबले. ४ डिसेंबर २०१४ रोजी तेथील प्रकल्पास आग लागली, तेव्हा भारताला विमानांनी व नौदलाच्या जहाजांनी पिण्याचे पाणी धाडावे लागले.

आता आपल्या घरातील माठाकडे वळू. उकळल्याने जंतू मरतात, मीठ जात नाही; उलट पाणी आटले तर खारटपणा वाढतो. तुरटी, क्लोरीन, साधा गाळणी-फिल्टर यांनीही तो जात नाही. बांगलादेशाच्या किनाऱ्यावरील अभ्यासांत खारट पाणी पिणाऱ्या गरोदर स्त्रियांत रक्तदाबाचे विकार अधिक आढळले आहेत. घरात रक्तदाबाचा वा मूत्रपिंडाचा रुग्ण असेल आणि ताटातले मीठ तोलूनमापून वाढले जात असेल, तर पेल्यातले मीठही मोजावयास हवे. ते हिशेबात धरण्याचे आपल्याला सहसा सुचत नाही.

डाळ शिजेनाशी झाली, साबणास फेस येईना, तर एप्रिल-मेमध्येच पाणी तपासून घ्या. भारतीय मानकानुसार क्लोराइड लिटरमागे २५० मिलिग्रॅमपर्यंत असणे इष्ट. त्याहून बरेच अधिक निघाल्यास पिण्यापुरते पाणी दुसऱ्या विहिरीचे आणावे, आणि आपल्या विहिरीवरचा पंप थोडा-थोडा, मध्ये विसावा देऊन चालवावा. पावसाळ्यात पागोळ्यांचे पाणीही साठविता येते. पहिल्या काही सरी मात्र वाहू द्याव्यात, म्हणजे कौलांवरची धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा निघून जाते. हे पाणी उकळूनच प्यावे.