असोद्याच्या दारातला सातपुडा

वैशाखाच्या तोंडाशी शाळांना सुट्ट्या लागल्या की असोदा, जळगाव, धुळे, अमळनेर अशा गावांतील व्यापारी घरांत एकच चर्चा सुरू होते : या वर्षी कोठे जावयाचे? मुलांची बोटे मोबाइलवर काश्मीर, मनाली, केरळ अशी फिरत असतात. दुकानाचा कर्ता खर्चाचा आणि दिवसांचा हिशेब घालतो, वहिनी शुद्ध भोजनाची चिंता करते, आणि घरातील वृद्धा, जिचे गुडघे आता विमानतळाच्या लांबलचक वाटा मानत नाहीत, ती न विचारताच ‘मी घर सांभाळीन’ असे सांगून मोकळी होते. अशा प्रवासाला घराचे अर्धे माणूस मागेच राहते, आणि हे दरवर्षी घडते.

वास्तविक असोदा हे गाव दोन डोंगररांगांच्या मधल्या सपाटीवर वसलेले आहे. दक्षिणेस अजिंठ्याची रांग, उत्तरेस तापी आणि तापीपलीकडे सातपुडा. पाऊस उघडलेल्या दिवशी उत्तरेच्या कडेला सातपुड्याची निळी रेघ उमटते. याच गावी १८८० मध्ये महाजनांच्या घरी बहिणाबाईंचा जन्म झाला आणि आज जळगावचे विद्यापीठ त्यांचे नाव धारण करते. गावाची दुसरी कीर्ती भरिताच्या वांग्यांची. ती मात्र बहुबीजाचा त्याग करणाऱ्या श्रावकाच्या ताटापर्यंत पोहोचत नाही. पाहुण्याने ‘असोद्याचे भरीत खाऊ घाला’ म्हटले की यजमानाला हसून दुसरा विषय काढावा लागतो.

सातपुड्याशी येथील व्यापाऱ्याचा संबंध जुना आहे, परंतु तो वखारीच्या उंबऱ्यापर्यंतचा. डोंगरातून डिंक, मोहफूल, चारोळी खाली आली; पावरा, तडवी, भिल्ल गिऱ्हाईक आठवड्याच्या बाजाराला मीठ, कापड, तेल घेण्यास उतरले; त्यांची नावे उधारीच्या खात्यात लिहिली गेली. तीन-तीन पिढ्या ज्या माणसांशी व्यवहार झाला, त्यांचे पाडे कोणत्या नाल्याच्या काठी आहेत हे खाते लिहिणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी पाहिले. वहीत आलेला सातपुडा डोळ्यांनी पाहावयाचा राहून गेला.

तो पाहावयाचा तर आरंभ यावल तालुक्यातील मनुदेवीपासून करावा. आडगावच्या पुढे वाट डोंगराच्या कुशीत शिरते आणि देवळाच्या मागे कड्यावरून पावसाळी धबधबा कोसळतो. खान्देशातील अनेक कुळांची ही कुलस्वामिनी, त्यामुळे नवरात्रात येथे पाय ठेवावयास जागा नसते. निसर्गासाठी जाणाऱ्याने ते दिवस टाळलेले बरे. रावेर तालुक्यातील पाल हे त्याहून आत, सुकी नदीच्या खोऱ्यात. वाटेवर केळीच्या बागांचा अखंड हिरवा पट्टा आहे. ‘जळगाव केळी’ला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, आणि या पट्ट्याकडे पाहिल्यावर त्याचे नवल वाटत नाही. पालच्या भोवती यावल अभयारण्याचे साग-अंजनाचे रान आहे. १९६९ साली घोषित झालेले हे अभयारण्य सुमारे पावणेदोनशे चौरस किलोमीटरचे. तेथे आता सलग दाट झाडीबरोबर तोडीचे उघडे माळही दिसतात. मुलांना दोन्ही दाखवावेत.

चोपडा तालुक्यात अडावदजवळ उनपदेव येथे गरम पाण्याचा झरा आहे. हिवाळ्याच्या पहाटे त्या पाण्याची वाफ पाहणे हा साधा परंतु निखळ आनंद आहे. एरंडोलजवळचे पद्मालय हे वृद्धांसाठी सर्वांत सोयीचे : चढ बेताचा, कमळांनी भरलेले तळे आणि गणपतीच्या दोन मूर्तींचे देऊळ. चांगदेव येथे तापी आणि पूर्णा यांचा संगम आहे, आणि तेथून खाली हतनूर धरणाच्या जलाशयावर हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी उतरतात. दुर्बिण नसली तरी चालते. धीर मात्र हवा.

अजिंठ्याविषयी नव्याने काय सांगावयाचे? लेणी १९८३ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत आणि सोमवारी बंद असतात, हे व्यापाऱ्याने विशेष लक्षात ठेवावे, कारण साप्ताहिक सुट्टी सोमवारी घेणारी दुकाने पुष्कळ. पण लेण्यांइतकीच पाहण्याजोगी आहे ती वाघूर नदी. नालाच्या आकाराचा तो कडा तिनेच कोरला. हीच वाघूर पुढे खान्देशात उतरते, तिच्यावरील धरणातून जळगाव शहर पाणी पिते आणि शेवटी ती तापीला मिळते. एवढे घरच्या मुलाला समोरच्या दृश्यासह सांगितले, तर नळ सोडताना त्याला त्या कड्याची आठवण राहील.

या सर्वांत व्यापारी घराला विशेष आपले वाटावे असे ठिकाण म्हणजे चाळीसगावजवळचे पाटणे. गौताळा-औट्रम घाट अभयारण्याच्या पायथ्याशी पाटणादेवीचे देऊळ, वर कन्हेरगड, रानात केदारकुंडाचा धबधबा. औट्रम हे नाव १८२५ मध्ये खान्देशात भिल्ल पलटण उभारणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्याचे. डोंगरात ‘नागार्जुन कोठडी’ म्हणून ओळखले जाणारे लेणे आहे. त्यात तीर्थंकरांच्या प्रतिमा आहेत. आणि याच पाटण्यात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणलेला इ.स. १२०७ चा शिलालेख आहे. ‘लीलावती’कार भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादवराजा सिंघणाच्या पदरी ज्योतिषी होता. त्याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी येथे मठ स्थापिला आणि निकुंभ घराण्याच्या सामंतांनी त्या मठाला उत्पन्न लावून दिले.

ते उत्पन्न कोठून आले हे पाहिले की शिलालेख एकदम जवळचा होतो. त्याचा काही भाग जुन्या मराठीत आहे. पाटणच्या पेठेत जो माल विकला जाई, त्यावर राजाला मिळणारा वाटा मठाला दिला. गावात जितके घाणे चालत, तितक्या प्रत्येकाकडून पळीभर तेल मठाला लावून दिले. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी खान्देशच्या या कोपऱ्यात गणित शिकणाऱ्या विद्यार्थ्याचा दिवा तेल्याच्या पळीवर आणि पेठेच्या विक्रीवर जळत होता. आज त्या पेठेचा मागमूस नाही, घाणे नाहीत, मठ नाही. रान उरले आहे. तेल-धान्याचा व्यापार करणाऱ्या घरातील दहावी-बारावीच्या मुलाला गणिताची शिकवणी लावताना एक रविवार पाटण्यासाठी ठेवण्यास हरकत नसावी.

दोन दिवस हाती असतील तर शहाद्याहून तोरणमाळ गाठावे. साडेतीन हजार फुटांहून उंच असे हे पठार १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यात होते, आता नंदुरबारमध्ये. यशवंत तलाव आणि सीताखाईचा खोल कडा ही तेथली मुख्य दृश्ये. मे महिन्यातही रात्री पांघरूण लागते. धुळ्याकडील कुटुंबांना साक्री तालुक्यातील बळसाणे जवळ पडते. तेथे विमलनाथांचे तीर्थ आणि जुनी दगडी देवळे, दोन्ही एकाच फेरीत होतात. बागलाणातील मांगीतुंगीची जोडशिखरे तर सर्वपरिचित आहेत. २०१६ मध्ये तेथे भगवान ऋषभदेवांची १०८ फुटी मूर्ती प्रतिष्ठित झाली, तेव्हापासून यात्रेकरू वाढले. पायऱ्यांवरून मागे वळून बागलाणचा मुलूख पाहणारे मात्र थोडे.

खरी अडचण ठिकाणांची नाही, दिवसांची आहे. खान्देश अत्यंत देखणा दिसतो तो श्रावण-भाद्रपदात, आणि दुकानाला उसंतही तेव्हाच. परंतु तो चातुर्मास. नियम घेतलेल्या घरांत त्या चार महिन्यांत गावाबाहेरचा प्रवास नसतो, आणि ओल्या रानात असंख्य जीव पायाखाली येतात ही त्यामागची करुणा आहे. धबधब्यासाठी ती मोडावी असे कोणी सुचवू नये. कार्तिकी पौर्णिमेस वाट मोकळी होते, तो कपाशीचा हंगाम ऐन भरात आलेला. आणि मुलांना सुट्टी मिळते ती मे महिन्यात, जेव्हा जळगावचा पारा पंचेचाळिसाला टेकतो आणि सातपुड्यातील सागाला एक पान नसते. म्हणून एका मोठ्या सहलीचा हट्ट सोडून तिचे तुकडे करणे हाच उपाय व्यवहार्य दिसतो : ज्येष्ठात मृगाचा पहिला पाऊस पडल्यापासून आषाढी चौदसीपर्यंतचे दोन-तीन रविवार, आणि मार्गशीर्ष ते माघ महिन्यांतून एक-एक दिवस. तोरणमाळ तेवढे मेसाठी राखावे.

हिवाळ्यात सूर्य सहाच्या आत मावळतो, तेव्हा चौविहार पाळणाऱ्यांनी निघण्याची वेळ पहाटेची धरावी आणि संध्याकाळचे जेवण चारलाच उरकावे. दशम्या, खाकरे, कोरडी मुगाची डाळ, उकळून गाळलेले पाणी घरचेच असावे; या ठिकाणी शुद्ध भोजनाची दुकाने शोधण्यात अर्धा दिवस जातो. मनुदेवी काय किंवा पाटणे काय, देवळाच्या मागे वेफरच्या पिशव्यांचा जो थर साचलेला असतो, तो डोंगरातल्या माणसांनी आणून टाकलेला नाही. ज्या घरात पाणी गाळून पितात, त्या घराची पिशवी तरी त्यात नसावी.

आणि वृद्धेला गाडीत पुढच्या जागी बसवावे. पद्मालयाच्या काठी तिला सतरंजी टाकून द्यावी, नातवंडांना कमळे मोजू द्यावीत. ती बहुधा आपल्या माहेरच्या तळ्याची गोष्ट काढील, आणि ती या घरात कोणीच आजवर ऐकलेली नसेल. परतताना तापीच्या पुलावर गाडी घटकाभर थांबवता आली तर पाहावे. दिवस अजून शिल्लक असतो, आणि उत्तरेला ती निळी रेघ असते.