पडद्यावरची जमा

एका आयपीएलच्या मोसमानंतरची गोष्ट. माझ्या जुन्या सहकाऱ्याचा मुलगा घरी आला आणि चहा निवून गेला तरी मोबाईलकडेच पाहत बसला. शेवटी त्याने तो माझ्यापुढे धरला. सामन्यांवर पैजा लावून जिंकलेले ८४ हजार रुपये पडद्यावर दिसत होते. काढायला गेला, तर आधी ओळखपत्र मागितले, मग बँकेचा उतारा. मग ‘तपासणी चालू आहे’. आणि आता, रक्कम मोकळी करायची तर आणखी १० हजार भरा, असा निरोप. “काका, तुम्ही बँकेत होतात. दावा कुठे लावायचा?”

कुठेच नाही, हे सांगणे मला जड गेले. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे ३० वे कलम स्वच्छ आहे : पैजेचा करार रद्दबातल, आणि पैजेत जिंकलेल्या रकमेसाठी दावा लावता येत नाही. इंग्लंडच्या १८४५ च्या कायद्याचेही तत्त्व हेच होते. पुढे इंग्रजांनी मात्र वाट बदलली. सप्टेंबर २००७ पासून तिथे अशी रक्कम कोर्टातून वसूल करता येते. २०१८ साली बेटफ्रेड कंपनीने ऑनलाइन पत्त्यांच्या खेळात जिंकलेले सुमारे १७ लाख पौंड ‘संगणकातला दोष’ सांगून एका गृहस्थाला नाकारले. एप्रिल २०२१ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने निकाल त्याच्या बाजूने दिला. ज्या अटींवर कंपनी विसंबली होती, त्या त्याच्यापुढे नीट आणल्याच गेल्या नव्हत्या.

मग आपणही तसा कायदा करावा का? मला तसे वाटत नाही. पैजेला कोर्टाचे दार उघडले की तिला धंद्याची प्रतिष्ठा मिळते, आणि जिंकणाऱ्या एकासाठी हरणारे अनेक त्या दारातून आत येतात. पण आजच्या व्यवस्थेतला अन्यायही डोळ्यांआड करता येत नाही. बँकेत आम्ही खाते उघडताना दहा कागद मागत असू. पैसे काढताना सही जुळली आणि शिल्लक असली की काम झाले. इथे नेमके उलटे. पैसे भरताना कुणी काही विचारत नाही. सगळे प्रश्न परतीच्या वाटेवर. मटक्याच्या अड्ड्यावरचा माणूससुद्धा पैसे देई, कारण दुसऱ्या दिवशी त्याला त्याच नाक्यावर बसायचे असे. या कंपन्यांना नाकाच नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. त्यात शिक्षा चालवणाऱ्याला आहे, जाहिरात करणाऱ्याला आहे. नुसत्या खेळणाऱ्याला नाही. हे शहाणपणाचे झाले. कारण या धंद्याचे खरे भांडवल म्हणजे फसलेल्याची लाज. ‘आणखी पैसे भरा, मग देतो’ असे कुणी म्हटले, की ती सरळ फसवणूक समजावी आणि १९३० या क्रमांकावर तक्रार करावी.

त्या मुलाला मी एवढेच विचारले, “तू आजवर भरलेस किती?” त्याने कधी बेरीजच केली नव्हती. आम्ही कागद घेतला, मधोमध रेघ मारली. नावेच्या बाजूला १ लाख ३२ हजार झाले. जमेच्या बाजूला, खरोखर हातात आलेले, ६ हजार. ते ८४ हजार कुठल्याच बाजूला लिहिता येईनात.

“बाबांना माहीत आहे?” त्याने मान हलवली. मी कागदाची घडी करून त्याच्या खिशात ठेवली. त्या रात्री उशिरा त्याच्या वडिलांचा फोन आला. आवाज थकलेला होता, पण रागावलेला नव्हता.